जखडलेल्या चक्राची सोडवण

यंत्रांचा इतिहास आजवर ज्यांनीं लिहिला, त्यांनीं तो बहुधा जोडणाऱ्याच्या बाजूनें लिहिला आहे. अमक्या सालीं अमक्यानें अमुक यंत्र निर्माण केलें, तमक्या वर्षीं त्याची शक्ति इतक्या अश्वबलांनीं वाढली, पुढें तें अमक्या जहाजावर किंवा विमानावर बसविलें गेलें, अशी ही कथा असते. आणि ती खोटी असते असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु प्रत्येक यंत्राच्या आयुष्यांत दुसराहि एक दिवस येतो. त्या दिवशीं यंत्र थांबतें, कोणीतरी कारागीर पाना हातांत घेऊन त्याच्यापुढें उभा राहतो, आणि बोल्ट हलत नाहीं. या दिवसाचा इतिहास लिहिण्याची फारशी कोणास हौस दिसत नाहीं. तो लिहावयाचा झाल्यास त्याला योग्य असें यंत्र कोणतें, याचा विचार करितां आम्हांस टर्बोचार्जराइतकें दुसरें सुचत नाहीं. कारण ज्या उष्णतेच्या बळावर हें यंत्र चालतें, तीच उष्णता त्याचे अवयव एकमेकांस जखडून टाकते.

टर्बोचार्जर म्हणजे काय, हें ज्या वाचकांचा यंत्रांशीं संबंध येत नाहीं त्यांच्यासाठीं थोडक्यांत सांगितलें पाहिजे. इंजिन हवा ओढून घेतें, तींत इंधन जाळतें, आणि जळून उरलेला तप्त धूर बाहेर टाकतें. इंधनांतील उष्णतेपैकीं ढोबळ मानानें एक तृतीयांश भागच कामास येतो. जवळजवळ तेवढाच भाग धुराबरोबर आकाशांत जातो. हा वायां जाणारा धूर एका पात्यांच्या चाकावर सोडला, तर तें चाक पवनचक्कीप्रमाणें फिरूं लागतें. त्याच्याच आसाच्या दुसऱ्या टोकास दुसरें चाक बसविलें, तर तें बाहेरची ताजी हवा दाबून इंजिनांत भरूं लागतें. हवा अधिक मिळाली म्हणजे इंधन अधिक जाळतां येतें, आणि तेंच इंजिन पूर्वींपेक्षां अधिक ओझें ओढतें. सारी युक्ति एवढीच. परंतु एकाच वीतभर आसाच्या एका टोकास भट्टी, दुसऱ्या टोकास मोकळी हवा, आणि मध्यें तेलानें भिजलेलें बेअरिंग, असा हा संसार आहे. लहान मोटारींतील टर्बोचार्जराचा आस मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो. धुराच्या बाजूचें कवच जोराच्या चालींत अंधारांत लाल दिसावें इतकें तापतें. अशा संसारांत कोणी कोणास चिकटून बसलें तर नवल कसलें!

या कल्पनेचा जनक आल्फ्रेड ब्यूखी. स्वित्झर्लंडांतील विंटरथूर या कारखानदारीच्या गांवीं १८७९ सालीं त्याचा जन्म झाला, आणि १९०५ सालच्या नोव्हेंबर महिन्यांत, वयाच्या सव्विसाव्या वर्षीं, त्यानें आपल्या कल्पनेचें पेटंट जर्मनींत नोंदविलें. कागदावर ती निर्दोष होती. दहा वर्षांनीं, १९१५ सालीं, तिचें पहिलें प्रत्यक्ष रूप उभें राहिलें तें मात्र टिकलें नाहीं. बुद्धीची धांव धातूच्या पुढें गेली म्हणजे असें होतें. पुढें १९२४ सालीं बाडेन येथील ब्राउन बोव्हेरी कंपनीनें पहिला मोठा टर्बोचार्जर बनवून दिला. आणि त्याच दशकाच्या मध्यास ‘प्रॉयसेन’ व ‘हान्झेश्टाट डान्त्सिग’ या दोन जर्मन उतारू जहाजांवर ब्यूखीच्या पद्धतीनें सजविलेलीं दहा सिलिंडरांचीं डिझेल इंजिनें बसलीं. त्यांची शक्ति १७५० अश्वबलांवरून २५०० वर गेली. कल्पना सुचल्यापासून ती समुद्रावर तरंगेपर्यंत वीस वर्षें लोटलीं. हा काल ब्यूखीनें कसा काढला असेल याची कल्पना ज्यानें त्यानें करावी. इतिहासकार तो एका ओळींत ओलांडतात.

मधल्या काळांत महायुद्ध झालें होतें, आणि विमानांस एक निराळी अडचण पडली होती. उंचीवर हवा विरळ होते, आणि विरळ हवेंत इंजिन गुदमरतें. फ्रान्समध्यें ओग्यूस्त रातो या टर्बाइनशास्त्रज्ञानें यावर धुराच्या चाकाचाच उपाय योजिला. अमेरिकेंत तेंच काम सॅनफर्ड मॉस याच्याकडे आलें. हा मॉस आमच्या विषयाच्या दृष्टीनें ब्यूखीहून जवळचा. कारण विद्यापीठाची पदवी घेण्यापूर्वीं, सोळाव्या वर्षीं, तो सॅन फ्रान्सिस्कोमधील एका यंत्रशाळेंत उमेदवारी करीत होता. १९०३ सालीं कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट त्यानें मिळविली खरी, पण पाना त्याच्या हातीं आधीं आला आणि पुस्तक मागाहून. १९१८ सालीं त्यानें लिबर्टी जातीचें इंजिन एका मोटार-ट्रकवर चढविलें आणि कोलोरॅडोंतील पाइक्स पीक या शिखरावर, सुमारें १४,१०० फुटांवर नेऊन चालविलें. सपाटीवर ३५० अश्वबलांचें तें इंजिन शिखरावर २३० वर आलें होतें. टर्बोचार्जर जोडतांच तें ३५६ वर गेलें. पुढें १९२० च्या फेब्रुवारींत मेजर श्रोडर हा वैमानिक याच साधनाच्या बळावर ३३,००० फुटांहून वर गेला. तेथें त्याचा प्राणवायु संपला, डोळे गोठले, आणि बेशुद्धींत कित्येक मैल खालीं कोसळून तो शुद्धीवर आला व विमान सुखरूप उतरवूं शकला. या पराक्रमाचीं वर्णनें पुष्कळ आहेत. शिखरावरून परत आणलेलें तें इंजिन ज्यांनीं उघडलें, त्यांचीं नांवें मात्र या वर्णनांत येत नाहींत.

दुसऱ्या महायुद्धांत हें साधन हजारोंच्या संख्येनें निघूं लागलें. बी-१७, बी-२४ आणि बी-२९ हीं अमेरिकन बाँबफेकी विमानें त्याच्याच आधारें उंच उडत. १९४४ सालीं बंगालमध्यें खरगपूरच्या आसपासच्या तळांवर बी-२९ विमानें येऊन राहिलीं, तेव्हां हें यंत्र आपल्या देशाच्या उन्हापावसांतहि आलें. प्रत्येक विमानास इंजिनें चार आणि प्रत्येक इंजिनास टर्बोचार्जर दोन; म्हणजे विमानामागें आठ. या चाकांच्या पात्यांनीं तप्त धुरांत मिनिटाला वीस हजारांहून अधिक फेरे घ्यावयाचे. साधें पोलाद तेथें मेणासारखें ताणलें जाई. म्हणून कोबाल्ट व क्रोमियम यांचा एक मिश्रधातु वापरण्यांत आला. तो मुळांत कृत्रिम दांत बसविणाऱ्यांनीं शोधलेला होता. कवळ्यांसाठीं घेतलेला धातु विमानांत गेला, आणि त्याबरोबर तो ओतण्याची पद्धतहि गेली. धातु इतका कठीण कीं तो कापून घडवितां येईना. म्हणून मेणाचें पातें करावयाचें, त्यावर मातीचा लेप द्यावयाचा, मेण वितळवून काढावयाचें आणि त्या पोकळींत रस ओतावयाचा. आमच्या वाचकांस ही रीत परकी वाटूं नये. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकांतील ग्रंथांत मूर्ति ओतण्याची हीच रीत सांगितली आहे. देवाची मूर्ति आणि युद्धविमानाचें पातें एकाच मेणांतून निघावीं, हा योगायोग आम्हांस सुखावह वाटतो असें मात्र म्हणवत नाहीं.

अशा कठीण धातूंनीं उष्णतेचा प्रश्न सुटला, पण आमच्या कारागिराचा प्रश्न वाढला. बोल्ट जखडतो कशामुळें, हें येथें सांगितलें पाहिजे. पहिलें कारण गंज. लोखंडाचा गंज झाला म्हणजे तो मूळ लोखंडापेक्षां निदान दुपटीनें अधिक जागा व्यापतो. आट्यांच्या मधल्या केसाएवढ्या फटींत त्याला तेवढी जागा कोठून मिळणार? मग तो दोन्ही बाजूंस रेटा देतो, आणि पाचर ठोकावी तसा बोल्ट घट्ट होतो. दुसरें कारण काजळी. तेल आणि धूर यांचा कोळसा होऊन तो सांध्यांत दगडासारखा बसतो. तिसरें कारण अधिक चमत्कारिक. जे मिश्रधातु गंजत नाहींत, ते न गंजण्याचें कारण त्यांच्या पृष्ठावर असलेला एक अत्यंत पातळ पापुद्रा होय. दोन असे आटे जोरानें एकमेकांवर घासले कीं पापुद्रा खरवडला जातो, उघड्या धातूस उघडा धातु भेटतो, आणि भट्टीवांचून, विस्तवावांचून दोहोंचें सांधण होतें. म्हणजे गंजाच्या भयानें जो उत्तम बोल्ट वापरावा, तो गंजाहून वाईट रीतीनें चिकटतो. याखेरीज ॲल्युमिनियम व लोखंड हे जेथें एकत्र येतात, तेथें दमट हवेंत पांढरी पूड धरते, आणि तीहि पाचरीचेंच काम करते.

सोडविण्याची विद्या टर्बोचार्जराहून पुष्कळ जुनी आहे. तिचें एक तत्त्व आमच्या खेड्यांतील प्रत्येक लोहारास ठाऊक होतें. बैलगाडीच्या चाकावर धाव चढवितांना तो लोखंडी धाव शेणींच्या जाळांत लाल करी, ती फुगली म्हणजे लांकडी चाकावर उतरवी, आणि वर पाणी ओती. धाव आकसून चाकास अशी आवळून धरी कीं खिळ्याची गरज न पडावी. जी धाव तापून चढते ती तापूनच उतरते, हें सांगावयास त्यास पदार्थविज्ञानाचें पुस्तक लागलें नाहीं. मात्र गाडीचें चाक आणि कारखान्यांतील बोल्ट यांत एक भेद होता. १८४१ सालीं इंग्लंडांत जोसेफ व्हिटवर्थ यानें आट्यांचें एकच प्रमाण सुचविलें. त्यापूर्वीं प्रत्येक कारखान्याचे आटे निराळे असत, आणि बोल्ट व त्याचा नट यांची जोडी पतिपत्नीसारखी ठरलेली असे. एक मोडला तर दुसरा निरुपयोगी. त्यामुळें त्या काळच्या कारागिरास बोल्ट जपून सोडवावाच लागे. आटे सर्वत्र एकसारखे झाले, नवा बोल्ट दुकानांत दोन पैशांना मिळूं लागला, आणि मग छिन्नी लावून जुना तोडणें स्वस्त पडूं लागलें. ही सोय झाली हें खरें. परंतु हाताचा संयम त्याच दिवसापासून कमी होऊं लागला, असा आमचा तर्क आहे.

टर्बोचार्जराच्या बाबतींत हा संयम सोडून चालत नाहीं. त्याचें कारण आस. तो करंगळीएवढा किंवा त्याहूनहि बारीक, आणि त्याच्या टोकांवरील चाकांचीं पातीं नाजूक. मोटारगाडीचा पंखा थोडा वांकडा झाला तर फार तर आवाज करील. पण मिनिटाला लाख फेरे घेणारें चाक केसभर वांकलें, तर तें आपलीं बेअरिंगें आपणच खाऊन टाकतें. म्हणून अडकलेलें कवच काढतांना चाकाला पहार लावून उचकटणें हा मोठा गुन्हा समजला जातो, आणि तोच सर्वांत अधिक घडतो.

जाणता कारागीर पहिल्यानें कांहींच सोडवीत नाहीं. तो कवचावर आणि मधल्या भागावर टोकदार सुईनें आडवी रेघ ओढतो. कारण दोन्हीं कवचें मधल्या भागाभोंवतीं वाटेल त्या कोनांत बसूं शकतात, आणि पूर्वीं तीं कशीं होतीं हें उघडल्यावर कोणास आठवत नाहीं. मग तारेच्या कुंचल्यानें आट्यांचीं उघडीं टोंकें घासून साफ करतो, तेल सोडतो आणि निघून जातो. या निघून जाण्यांतच अर्धी विद्या आहे. बारीक फटींतून तेल आपोआप आंत चढतें, दिव्याच्या वातींतून चढतें तसें. पण त्याला रात्रभराचा अवधि लागतो. पूर्वीं याकरितां रॉकेल वापरीत. पुढें या कामासाठीं मुद्दाम केलेलीं तेलें बाजारांत आलीं. आज ज्याची निळी-पिवळी डबी घराघरांत दिसते तें डब्ल्यूडी-४० हें १९५३ सालीं कॅलिफोर्नियांत निघालें तें ॲटलस क्षेपणास्त्राच्या पत्र्यास गंज चढूं नये म्हणून, पाणी हुसकून लावण्याकरितां. चाळिसाव्या प्रयत्नास तें साधलें असें त्याचें नांव सांगतें. जखडलेला बोल्ट सोडविण्यांत त्याची जी कीर्ति झाली आहे, ती त्याच्या योग्यतेपेक्षां थोडी अधिकच आहे.

तेलानें भागलें नाहीं तर विस्तव. येथें विचार लागतो. लोखंडाचा एक मीटर लांबीचा गज शंभर अंशांनीं तापविला तर तो एक मिलिमीटराहून किंचित् अधिक वाढतो. ॲल्युमिनियमचा त्याच्या दुप्पट. हवेच्या बाजूचें कवच ॲल्युमिनियमचें आणि मधला भाग ओतीव लोखंडाचा असतो. तेव्हां नुसतें उकळतें पाणी कवचावर ओतलें तरी तें मधल्या भागापेक्षां अधिक फुगतें आणि पुष्कळदां सैल होतें. या बाजूस ज्वाला लावणें धोक्याचें; कारण लोखंड वितळण्यापूर्वीं लाल होऊन सूचना देतें, ॲल्युमिनियम ती देत नाहीं. तें शेवटपर्यंत पांढरें राहतें आणि एकाएकीं खालीं गळतें. धुराच्या बाजूची गोष्ट उलट आहे. तेथें कवच लोखंडाचें आणि मधला भागहि लोखंडाचाच. सबंध वस्तु सावकाश तापविली तर दोन्ही सारखेच फुगतील आणि पकड जेथल्या तेथें राहील. म्हणून ज्वाला बाहेरच्या कवचावरच, सर्व बाजूंनीं फिरवीत आणि झपाट्यानें लावावयाची, म्हणजे आंतल्या भागास बातमी लागण्यापूर्वीं बाहेरचा फुगेल. दहा सेंटिमीटर व्यासाचें कवच दोनशें अंशांनीं तापलें तर त्याचा व्यास सुमारें पंचमांश मिलिमीटर वाढतो. एवढ्याशा फटीसाठीं हा सारा खटाटोप. पण गंजाची पकड मोडावयास ती पुरते. तापलेल्या सांध्यास साधी मेणबत्ती टेंकविली तर मेण वितळून फटींत ओढलें जातें आणि वंगणाचें काम करतें. ही युक्ति जुन्या फिटर लोकांची आहे आणि आम्हांस ती सर्व डब्यांतील तेलांहून अधिक प्रिय आहे.

त्यानंतर ठोके. तेहि पोलादी हातोड्याचे नव्हेत, तांब्याच्या किंवा लांकडी. आणि एकाच जागीं नव्हेत, तर कवचाभोंवतीं समोरासमोर, एकदां इकडे एकदां तिकडे. एका बाजूनेंच ठोकलें तर कवच तिरकें होऊन अधिक घट्ट बसतें, फडताळाचा खण एका कोपऱ्यानें ओढला म्हणजे अडकतो तसें. बोल्ट सोडवितांना तो आधीं किंचित् आवळावयाचा आणि मग सैल करावयाचा, असें जें जाणते सांगतात तें उलटें वाटतें, पण त्यांत तथ्य आहे; गंजाचा पहिला तडा कोणत्या दिशेनें गेला याला महत्त्व नाहीं, तो गेला पाहिजे. मागेंपुढें, मागेंपुढें करीत बोल्ट बाहेर येतो. इतकें करूनहि तो तुटलाच, तर उरलेल्या थोट्यावर एक नट ठेवून तो वेल्डिंगनें सांधतात. त्या सांध्याची धग थोट्याच्या मुळापर्यंत जाऊन गंज सैल करते, आणि पान्याला धरावयास डोकेंहि मिळतें.

एका जागीं मात्र बळ, तेल, विस्तव या सर्वांचा उपयोग विपरीत होतो. हवेच्या चाकावरचा नट पुष्कळ टर्बोचार्जरांत डाव्या आट्यांचा असतो, म्हणजे आस ज्या दिशेनें फिरतो त्या दिशेनें तो सैल होऊं नये. ज्यास हें ठाऊक नाहीं तो नेहमींच्या दिशेनें पाना लावतो, नट हलत नाहीं असें पाहून पान्यास नळी जोडून जोर वाढवितो, आणि अखेर आसाचें टोंक तोडून मोकळा होतो. तो नट जखडलेला नसतोच मुळीं. तो फक्त उलट्या बाजूनें बोलावला जाण्याची वाट पाहत असतो.

यंत्र बांधणाऱ्यांना या दुसऱ्या दिवसाची जाणीव हळूहळू झाली. ती प्रथम जहाजांच्या यंत्रांत झाली, हें साहजिक होतें. भर समुद्रांत दुकान नसतें. ब्राउन बोव्हेरी कंपनीनें १९४० नंतरच्या दशकांत व्ही.टी.आर. या नांवाची जी मालिका काढली, तींत बेअरिंगें दोन चाकांच्या मध्यें न ठेवतां आसाच्या अगदीं बाहेरच्या टोकांस नेलीं, आणि त्यांस आपापलें तेल दिलें. बेअरिंग झिजलें तर टोपण काढून तें बदलावें. तापलेल्या कवचास हात लावण्याचें कारण नाहीं. ब्यूखीच्या पेटंटइतकीच ही गोष्ट आम्ही महत्त्वाची मानतों, कारण हिच्यांत सोडविणाऱ्याचा विचार जोडणाऱ्यानें केला आहे. दुसरी सुधारणा अमेरिकेंतून आली. दोन नळ्यांच्या कडा आठ बोल्टांनीं जोडण्याऐवजीं त्यांभोंवतीं इंग्रजी ‘व्ही’ आकाराचा एकच पट्टा आवळावा आणि त्यास एकच बोल्ट असावा, ही ती युक्ति. हे पट्टे ज्या मार्मन कंपनीच्या नांवानें प्रसिद्ध झाले, तिचा मालक झेपो मार्क्स हा बोलपटांतील मार्क्स बंधूंपैकीं एक विनोदी नट होता. नटाचा नटाशीं आणखीहि कांहीं संबंध असूं शकतो हें यावरून दिसतें. अर्थात् आठांच्या जागीं एक आला म्हणून तो गंजत नाहीं असें नाहीं. पण एकाशीं झुंजणें आठांशीं झुंजण्याहून बरें.

आपल्या देशांत या यंत्राचा खरा संसार रेल्वेंत झाला. वाराणसीच्या कारखान्यांतून १९६४ सालापासून डब्ल्यूडीएम-२ जातीचीं, अमेरिकन आल्को कंपनीच्या आराखड्याचीं, सोळा सिलिंडरांचीं आणि २६०० अश्वबलांचीं डिझेल इंजिनें निघूं लागलीं. प्रत्येकावर टर्बोचार्जर होता. स्थानकांतून गाडी हलतांना या इंजिनांच्या धुराड्यांतून काळ्या धुराचा जो लोट उठे, तो आमच्या पुष्कळ वाचकांनीं पाहिला असेल. त्याचें कारण हेंच कीं इंधन ताबडतोब वाढे, पण धुराच्या चाकास वेग घेण्यास क्षणभर लागे. तेवढा वेळ हवा कमी पडे आणि इंधन अर्धवट जळे. पुण्याजवळ घोरपडीच्या शेडमध्यें अशीं इंजिनें सांभाळलीं जात. कांहीं इंजिनांवर पुढें वर सांगितलेल्या व्ही.टी.आर. घराण्याचे टर्बोचार्जरहि बसविण्यांत आले. १९९८ सालीं कोंकण रेल्वे सुरू झाली तेव्हां तीहि डिझेलवरच, आणि २०२२ सालीं विजेचें काम पुरें होईपर्यंत मुख्यतः तशीच चालली. समुद्रावरून येणारी खारी हवा, चार महिन्यांचा पाऊस, आणि त्यांत रोज तापून रोज थंड होणारें ओतीव लोखंड! गंजास याहून अधिक अनुकूल घर आम्हांस तरी दुसरें दाखवितां येणार नाहीं.

मोटारगाड्यांत या यंत्राचा प्रवेश फसत फसत झाला. १९६२ सालीं अमेरिकेंत ओल्ड्समोबिल जेटफायर ही गाडी निघाली. तिच्या इंजिनांत पाणी व मद्यार्क यांचें मिश्रण थेंबथेंब सोडावें लागे, आणि मालक लोक तें भरावयास विसरत. कांहीं वर्षांत यांपैकीं पुष्कळ गाड्यांवरचा टर्बोचार्जर काढून साधा कार्ब्युरेटर बसविण्यांत आला. पुढें १९७० नंतरच्या दशकांत पोर्शे आणि साब यांनीं हें यंत्र रुळविलें, तेव्हां जखडण्याचा एक नवा प्रकार ध्यानांत आला. गाडी वेगानें चालवून आणून एकदम बंद केली, कीं तेलाचा प्रवाह थांबतो. पण लाल झालेल्या चाकाची उष्णता आसाच्या वाटेनें मध्यें येतच राहते. तेथें अडकलेलें तेल करपतें, त्याचा कोळसा बेअरिंगांत बसतो, आणि असें वारंवार झालें म्हणजे एके दिवशीं आस फिरत नाहीं. म्हणून गाडी थांबविण्यापूर्वीं मिनिटभर मंद चालूं द्यावी असा परिपाठ पडला; मागाहून मधल्या भागांतून पाणी खेळविण्याची सोय झाली तेव्हां त्याची निकड कमी झाली.

आतां दुरुस्तीची तऱ्हाच बदलली आहे. आस, दोन्हीं चाकें आणि बेअरिंगें मिळून झालेला मधला भाग कारखान्यांतून तोललेला, तयार असा येतो. त्यास कारागीर ‘कार्ट्रिज’ म्हणतात. जुना काढावा, नवा घालावा. यांत कौशल्याचा ऱ्हास झाला अशी ओरड कांहीं जण करतात. आम्ही तींत सामील होत नाहीं; लाख फेऱ्यांचा आस तोलण्याचें काम ऐरणीवर होण्यासारखें नव्हतेंच. आणि गंमत अशी कीं कार्ट्रिज बदलावयाचें म्हटलें तरी धुराच्या बाजूचें कवच आधीं सुटावें लागतें, आणि तें ब्यूखीच्या काळीं जितकें हट्टी होतें तितकेंच आजहि आहे. कारखाना पेटींत घालून सर्व कांहीं पाठवूं शकतो. सैल झालेला बोल्ट पाठवूं शकत नाहीं.

परत जोडणी करतांना शहाणे लोक गंजलेले बोल्ट पुन्हां वापरीत नाहींत. धुराच्या बाजूस पितळी किंवा तांब्याचा मुलामा दिलेले नट घालतात, कारण पितळ आणि पोलाद यांचें परस्परांशीं सांधण सहसा होत नाहीं. आट्यांवर तांबें, निकेल किंवा ग्राफाइट यांची पूड मिसळलेला लेप लावतात. तेल जळून गेलें तरी ही पूड मध्यें राहते आणि दोन धातूंस एकमेकांशीं भिडूं देत नाहीं. या लेपाविषयीं एकच गोष्ट लक्षांत ठेवावी लागते. तो लावल्यानें आटे निसरडे होतात, आणि तेवढ्याच जोरानें बोल्ट पूर्वींपेक्षां अधिक ताणला जातो. म्हणून कोरड्या आट्यांसाठीं पुस्तकांत जो आंकडा दिलेला असतो, त्याहून कमी जोरानें तो आवळावा लागतो. नाहीं तर तो तेथल्या तेथेंच तुटतो, आणि सोडविण्याचें काम जोडणीच्याच दिवशीं सुरू होतें.